मथळा चुकलेला समुद्र

रविवारची पुरवणी दारात पडली तेव्हा स्वल्पविराम अंघोळीला निघाले होते. खांद्यावर टॉवेल होता, हातात साबणाची नवी कोरी वडी होती. सवयीने त्यांनी पहिलं पान उलटलं, मधली दोन पानं समोरासमोर पसरली आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकली. साबण हातातून सुटला आणि घरंगळत चपलांच्या मांडणीखाली गेला.

"काय पडलं?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही, म्हणजे, साबण," ते म्हणाले.

अशाच बोलण्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. खाडीच्या दोन्ही तीरांवर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात ते उपसंपादक होते. दुसऱ्यांच्या मजकुरात स्वल्पविराम घालता घालता ते स्वतःच्या बोलण्यातही घालू लागले होते. कचेरीत कुणी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं की कोण आलं.

पुरवणीत त्यांचेच दोन लेख होते. डाव्या पानावर वाळूच्या गावाचं नाव ठळक अक्षरांत होतं आणि खाली मजकूर होता खडकांच्या गावाचा. उजव्या पानावर खडकांच्या गावाचं नाव होतं आणि खाली मजकूर वाळूच्या गावाचा. नाव एकाचं, वर्णन दुसऱ्याचं, आणि तेही गठ्ठ्यांनी छापून दोन्ही गावांच्या दारांत जाऊन पडलेलं.

ही चूक केवढी मोठी होती हे कळायला ती दोन गावं माहीत हवीत. मध्ये खाडी, खाडीवर पूल, आणि पुलाच्या दोन टोकांना दोन स्वभाव. वाळूच्या गावाला लांबलचक, रुंद किनारा आहे. पाणी इतकं उथळ, की गुडघे भिजवायचे तर चालून चालून पाय दुखावेत. लाट येते ती घरात कुणी झोपलं असेल अशा बेताने. माणसंही तशीच. दुकानदाराने साखरेऐवजी मीठ बांधून दिलं तर "चालेल" म्हणून घेऊन जाणारी. खडकांच्या गावात मात्र कुंडी भरायलासुद्धा वाळू मिळत नाही. काळा कातळ, त्यावर दिवसभर आपटणारं पाणी, आणि फेस उडून थेट वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत. तिथल्या लोकांना लहानपणापासून समुद्राच्या वरताण बोलावं लागतं. मग आवाज वर गेला तो गेलाच. नवरा-बायकोचं गुपितसुद्धा तिथे चार घरं ऐकतात आणि त्यातली दोन सल्ला देतात.

कुणाचा समुद्र चांगला, यावर दोन्ही गावांचं कधी पटलं नव्हतं. "तिकडे समुद्र दिसतो कुठे, नुसता फेस दिसतो," असं वाळूची माणसं हळूच म्हणत. "तुमच्याकडे समुद्र नाहीच, कुणाच्या तरी हातून पाणी सांडलंय," असं खडकांची माणसं पुलावरून ओरडून सांगत.

स्वल्पविराम वाळूच्या गावचे, बायको खडकांच्या गावची. सासूबाई लेकीकडे आल्या की संध्याकाळी किनाऱ्यावर उभ्या राहत, कमरेवर हात ठेवत आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "काय हो जावईबापू, समुद्र आला का? की अजून वाटेत आहे?"

तेव्हा पुरवणीत काय छापून आलंय हे सासूबाईंनी वाचलं तर काय होईल, याचा विचार करत स्वल्पविराम चौकटीला टेकून उभे होते. दुसरा विचार नोकरीचा. मुख्य उपसंपादकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि संपादक त्या खुर्चीकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत असत.

"बघू तरी काय लिहिलंय," म्हणत बायकोने पुरवणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या माहेरच्या नावाचं पान उघडून मोठ्याने वाचू लागली. "'इथला समुद्र मांजरासारखा पायाशी येऊन बसतो. इथली माणसं दोनदा विचार करतात आणि एकदा बोलतात, तेही हळू.'"

स्वल्पविरामांनी डोळे मिटून घेतले.

"अहो," बायकोचा आवाज भरून आला होता. "किती खरं लिहिलंत! अगदी आईसारखं!"

त्यांनी एक डोळा उघडला. ती थट्टा करत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. तो सासूबाईंचाच असणार हे त्यांना घंटीवरूनच कळलं. सासूबाईंच्या फोनची घंटी जास्त मोठ्याने वाजते अशी त्यांची समजूत होती.

"जावईबापू." फोनमधून इतका हळू आवाज आला की त्यांना तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "वाचलं मी. आमच्या गावाला आजवर कुणी ओळखलंच नव्हतं. सगळे म्हणायचे भांडखोर, कर्कश. आतून आम्ही कसे आहोत ते तुम्हालाच दिसलं."

"आई, ते जरा, म्हणजे त्यात,"

"काही बोलू नका. आम्ही कमी बोलणारी माणसं." आणि त्यांनी फोन ठेवला. लग्नानंतर प्रथमच सासूबाईंचा फोन चहा गार व्हायच्या आत संपला होता.

कचेरीत पोहोचताच स्वल्पविरामांनी पानं लावणाऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "अरे, मथळे उलटे गेलेत!"

"मला सकाळीच कळलं, साहेब. पण चूक माझी नाही. तुम्ही एका मजकुरावर 'अलीकडचं' लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर 'पलीकडचं'."

"मग? बरोबरच आहे की!"

"तुम्ही पुलाच्या या बाजूला राहता. मी त्या बाजूला राहतो. माझ्या घरातून बघितलं तर माझं गाव अलीकडचं. तुमचं पलीकडचं."

माणसाचं म्हणणं त्याच्या घरातून बघितलं तर अगदी बरोबर होतं.

"पण मजकूर वाचून तरी कळायला हवं होतं!"

"मजकुरात काही होतं का, साहेब?"

हेही खरंच होतं. पुरवणीची कल्पना संपादकांची. दोन्ही गावांतल्या हॉटेलांच्या जाहिराती मिळाव्यात म्हणून दोन गावांची सौंदर्यस्थळं, समसमान. स्वल्पविरामांनी मन लावून लिहिलं होतं. वाळूच्या गावातला जुना धक्का, खडकांमधली कपार, मासळीबाजार, दीपगृह. संपादकांनी लाल पेन घेतलं. "धक्का काढा. तिकडचे म्हणतील आमचा धक्का का नाही. दीपगृह काढा. इकडे दीपगृह नाही. खडक काढा, वाळू काढा, उगाच तुलना होते." असं करत करत सगळ्या वस्तू गेल्या आणि विशेषणं उरली. फोटोही एकच होता, पुलावरून काढलेला मावळता सूर्य. एका पानावर तो सरळ लावला होता आणि दुसऱ्यावर आरशात पाहिल्यासारखा उलटा. असे लेख कुठल्याही गावाच्या नावाखाली बसले असते. ते बसलेही.

"आता गप्प बसायचं," पानं लावणारा म्हणाला. "तुम्ही सांगू नका, मी सांगत नाही."

तेवढ्यात संपादक हात चोळत बाहेर आले. "स्वल्पविराम! सकाळपासून फोन खणखणतोय. दोन्ही गावं खूश! वाळूच्या गावचे नगराध्यक्ष म्हणाले, आम्ही रांगडे आहोत हे शेवटी कुणीतरी धीटपणे छापलं. कसं सुचतं हो तुम्हाला?"

"सुचत नाही, साहेब, होतं," स्वल्पविराम म्हणाले. संपादकांना तो विनय वाटला.

लोकांनी वाचलं आणि विसरून गेले, असं झालं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण छापलेल्या गोष्टीवर लोकांचा फार विश्वास असतो, विशेषतः ती आपल्याबद्दल असली आणि चांगली असली तर. वाळूच्या गावाने त्याच आठवड्यात रांगडं व्हायला सुरुवात केली. डाकघरातला कारकून आजवर तिकीट देतानाही माफी मागितल्यासारखा देई. आता तो शिक्का असा आपटू लागला की पलीकडच्या खिडकीतली बाई दचके. "काय हवंय ते स्पष्ट बोला!" असं तो गिऱ्हाइकावर खेकसे आणि मग टेबलाखाली वाकून घोटभर पाणी पिई. संध्याकाळी फिरायला जाणारी निवृत्त मंडळी घोट्याएवढ्या पाण्यात छाती काढून उभी राहत आणि लाटेची वाट पाहत. लाट येई, पायाच्या बोटांना लागे आणि परत जाई. "काय तडाखा आहे!" असं म्हणून ती एकमेकांचे दंड धरत. नगरपालिकेने किनाऱ्यावर लाल अक्षरांत पाटी लावली: सावधान! उसळता समुद्र. पाटीजवळचं पाणी मुलं तळव्याने उपसून किल्ले बांधायला वापरत होती.

पुलापलीकडे याच्या उलट. खडकांच्या गावात मासळीचा लिलाव कुजबुजत होऊ लागला. पुकारा करणारा गडी आजवर हाक मारी ती समुद्रातल्या होड्यांना ऐकू जाई. आता तो प्रत्येकाच्या कानाशी जाऊन भाव विचारू लागला. घेणाऱ्यांनीही दोनदा विचार करून एकदा बोलायचं ठरवलं होतं. दुसरा विचार होईपर्यंत ऊन वर यायचं, आणि मग मासळीच्या वासानेच लिलाव संपायचा.

घरीही तेच. "चहा टाकतेस का?" असं स्वल्पविरामांनी विचारलं की बायको गंभीर होऊन खिडकीबाहेर बघू लागे. पहिला विचार होई. मग दुसरा होई. तोवर कचेरीची वेळ झालेली असे. एकदा त्यांनी वैतागून विचारलं, "अगं, तू आधी पटकन बोलायचीस की!"

तिने बराच वेळ घेतला. मग हळूच म्हणाली, "तेव्हा मला स्वतःची ओळख नव्हती."

यानंतर दोन्ही गावांनी त्यांचा सत्कार केला. वाळूच्या गावात नगराध्यक्षांनी त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की भाषणाआधीच त्यांना खोकल्याची उबळ आली. "आम्ही असेच!" नगराध्यक्ष माईकमध्ये गरजले आणि बाजूला तोंड करून हळूच पुटपुटले, "फार लागलं नाही ना हो?" खडकांच्या गावात मात्र माईकच नव्हता. पाहुण्यांची ओळख कुणाला ऐकू आली नाही, सत्कारमूर्तींचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही, आणि टाळ्यांऐवजी लोकांनी नुसत्या माना हलवल्या. मागे समुद्र मात्र खडकांवर डोकं आपटून घेत होता. त्याने पुरवणी वाचली नव्हती.

पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर एक मंद हसू. स्वल्पविरामांना त्या हसण्याची भीतीच वाटली. त्यात काहीतरी होतं, पण काय ते कळत नव्हतं.

मग पर्यटक आले. पुरवणी वाचून लांबच्या शहरातून एक वयस्कर जोडपं आलं. शांतता हवी होती त्यांना, आणि पायाशी मांजरासारखा बसणारा समुद्र. स्वतःच्या घडीच्या खुर्च्याही बरोबर आणल्या होत्या. किनाऱ्याचा पत्ता विचारत ती दोघं सासूबाईंच्या दारात आली आणि सासूबाईंनी त्यांना कातळावर नेऊन बसवलं. काही वेळाने समुद्राकडून मोठी लाट येताना दिसली. एरवी सासूबाईंनी अशी हाक घातली असती की लाटच थबकली असती. पण त्या आता हळू बोलणाऱ्या होत्या.

"लाट येतेय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

लाट आली. एक खुर्ची गेली, गृहस्थांची टोपी गेली, आणि त्यांचा गुडघा कातळावर असा घासला की दवाखान्यात न्यावं लागलं. कोळ्यांनी दंडाला धरून दोघांना वर ओढलं म्हणून बरं, नाहीतर प्रकरण टोपीवर थांबलं नसतं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी थांबून म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसमोर गेली हो ती लाट त्यांच्या अंगावरून. मी सांगितलं होतं. त्यांना ऐकूच गेलं नाही."

त्या रात्री स्वल्पविरामांना जेवण गेलं नाही. आजवर चूक गमतीची होती. आता तिला गुडघा फुटला होता. उद्या आणखी कुणी येईल, पायाशी मांजर शोधत. सकाळी ते थेट संपादकांच्या केबिनमध्ये शिरले आणि सगळं कबूल केलं.

संपादक चष्मा काढून पुसू लागले. "म्हणजे आपण उलटं छापलं?"

"हो, साहेब."

"आणि लोक खूश आहेत?"

"हो, साहेब, पण,"

"मग उलटं कुठे? सुलटच झालं की!"

"साहेब, खुलासा छापायला हवा. उद्या कुणी बुडलं तर?"

"तर आपण बातमी देऊ. आधी कधी दिली नाही का?" संपादकांनी चष्मा चढवला. "हे बघा, चूक छापली ती एकदा. खुलासा छापला तर लोकांना ती दोनदा कळेल. वर्तमानपत्राने एकच चूक दोनदा करू नये."

स्वल्पविराम आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते. तरी हे खोटं बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही. "ज्यांचा गुडघा फुटला ना साहेब, त्यांचा मुलगा वकील आहे."

संपादकांनी ड्रॉवर उघडला आणि रक्तदाबाची गोळी शोधू लागले. "छोटा छापा," ते म्हणाले. "निधनवार्ता आणि भरती-ओहोटीच्या मधे. तिथे कुणी वाचत नाही."

खुलासा आला तो असा: 'पुरवणीत दोन गावांच्या मथळ्यांची अनवधानाने अदलाबदल झाली. वाचकांनी एका गावाचा मजकूर दुसऱ्याचा समजून पुन्हा वाचावा.' तो खरोखर इतका छोटा होता की आधी तो मुंगीसारखा दिसे. पण त्या दिवशी दोन्ही गावांनी निधनवार्ता वाचल्या नाहीत, भरतीची वेळ पाहिली नाही, फक्त ती मुंगी वाचली.

दुपारी दोन्ही गावांतून मोर्चे निघाले.

वाळूच्या गावाला मोर्चाचा सराव नव्हता. फलकांवर अक्षर सुंदर होतं. एकावर 'कृपया निषेध नोंदवावा' असं लिहून 'कृपया' खोडलेलं दिसत होतं. पण आवाज मात्र त्यांनी जोरात लावला होता. "आम्ही कोण?" असं नगराध्यक्ष विचारत आणि मागून "रांगडे!" असं उत्तर येई. एक आजोबा दर वेळी एक क्षण उशिरा "रांगडे" म्हणत आणि त्यांची हाक एकटीच रस्त्यावर रेंगाळे. खडकांच्या गावाचा मोर्चा पुलावरून आला तो मूक. पुढे सासूबाई, मागे कोळी, दुकानदार, शिक्षिका, सगळ्यांचं एक बोट ओठांवर. कचेरीसमोर दोन्ही मोर्चे समोरासमोर आले. स्वल्पविराम आणि पानं लावणारा वरच्या गॅलरीत उभे होते. संपादक गॅलरीच्या दाराआड उभे होते.

"आम्हाला मिळमिळीत म्हणता?" नगराध्यक्ष वर बघून गरजले. "इतके दिवस आम्ही मेहनत घेतली! आमच्या कारकुनाचा घसा बसला! रांगडेपणा आमचा आहे, तो आम्ही परत देणार नाही!"

खडकांच्या बाजूने कुणीतरी काहीतरी पुटपुटलं.

"काय?" वाळूकडून विचारणा झाली.

पुन्हा पुटपुट.

"अहो, ऐकू येत नाही! जरा मोठ्यानं बोला!"

आजवरच्या इतिहासात वाळूच्या गावाने खडकांच्या गावाला मोठ्याने बोलायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती. खडकांची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पुटपुट थोडी वाढली, पण त्यातलं काही कळेना. तेव्हा वाळूच्या बाजूच्या डाकघरातल्या कारकुनाने बसलेल्या आवाजात टोमणा मारला, "बोलता येत नसेल तर घरी जा! म्हणे शांत! घुमे आहेत घुमे!"

सासूबाईंच्या ओठांवरचं बोट खाली आलं.

त्यापुढे काय झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे, कारण शब्द वेगळे ऐकू आलेच नाहीत. इतक्या दिवसांचा साठवलेला आवाज एकदम बाहेर पडला. कारकुनाच्या सात पिढ्या, त्याचा शिक्का, वाळूच्या गावचं पाणी, नगराध्यक्षांची पाटी, सगळ्यांचा उद्धार झाला. कचेरीच्या काचा थरथरल्या. मागचा मूक मोर्चा धरण फुटावं तसा फुटला आणि प्रत्येकाने आपापला वाटा ओरडून घेतला. वाळूची माणसं आधी एक पाऊल मागे गेली, मग दोन. फलक खाली झाले. "चालेल, चालेल," असं कुणीतरी म्हणालं. "आपण बसून बोलू," असं दुसरं म्हणालं. नगराध्यक्षांनी हात जोडले. रांगडेपणाचा मागमूस राहिला नाही. एकटे ते आजोबा एक क्षण उशिराने "रांगडे!" म्हणाले आणि शेजारच्याने त्यांना गप्प केलं.

मग सगळे थांबले. स्वल्पविरामांना वाटलं, झालं. आता सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खुलासा खरा होता हे आता कुणाला सांगायची गरज नाही. त्यांना थोडं बरंही वाटलं. ते गॅलरीच्या कठड्याशी आले आणि म्हणाले, "तर मंडळी, आपल्या लक्षात आलंच असेल की,"

"आलं!" खडकांच्या गावची शिक्षिका ओरडली. "चांगलंच आलं! आमच्या एवढ्या शांत बाईंना तुमच्या खुलाशाने ओरडायला लावलं! लाज नाही वाटत?"

"आणि आम्ही!" नगराध्यक्षांनी धीर गोळा केला. "आम्ही किती रांगडे, पण एका वयस्कर बाईसमोर माघार घेतली. हा मोठेपणा रांगड्या माणसातच असतो!"

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. दोन्ही गावं एकमेकांसाठी टाळ्या वाजवतायत, हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. वयाने मोठ्या माणसांचे डोळे पाणावले. खुलासा मागे घ्या, ही मागणी मग दोघांनी मिळून केली. कुणी हळू केली, कुणी जोरात, आणि कोण कुठल्या गावचा हे त्यावरून सांगता आलं नसतं.

"घेतला! घेतला!" दाराआडून संपादकांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत छापून आलं: 'कालचा खुलासा अनवधानाने प्रसिद्ध झाला.' त्याखाली स्वल्पविरामांनी हट्टाने एक ओळ घालून घेतली, की खडकांवर बसणाऱ्यांनी समुद्राकडे पाठ करू नये. ही सूचना दोन्ही गावांच्या नावे छापावी, एवढीच संपादकांची अट होती. मुख्य उपसंपादकाची खुर्ची मात्र पानं लावणाऱ्याला मिळाली. "त्याने काहीच कबूल केलं नाही," संपादक म्हणाले. "जबाबदारीच्या जागी असाच माणूस लागतो."

स्वल्पविरामांना वाईट वाटलं, पण घरी वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. सासूबाईंचा घसा पार बसला होता. डॉक्टरांनी पाहिलं, टॉर्च मारला आणि सांगितलं, बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर अगदी कुजबुजत. घसा बरा होईपर्यंत त्या लेकीकडे राहायला आल्या. खडकांच्या गावात ही बातमी पसरली आणि तिथल्या लोकांनी अभिमानाने सांगितलं, "पाहिलंत, एकदा काय ओरडल्या, घसाच बसला. सवयच नाही हो त्यांना."

संध्याकाळी स्वल्पविराम त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले. सासूबाई वाळूवर बसल्या, पाय पुढे पसरून. पाणी येत होतं आणि आवाज न करता मागे जात होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी जावयाला जवळ बोलावलं. ते खाली वाकले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," सासूबाई कुजबुजल्या.

"काय, आई?"

"मथळे उलटे गेलेत ते. आमच्या नावाखाली हे पाणी होतं." त्यांनी समोर बोट दाखवलं. "मी काय हे पाणी ओळखत नाही?"

स्वल्पविराम वाळूत बसलेच. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग अजून थोडा. "जन्मात मला कुणी शांत म्हणालं नाही हो, जावईबापू. आईसुद्धा नाही. तुम्ही छापलंत. म्हटलं, चार दिवस ऐकू या कसं वाटतं ते." समोर बघत म्हणाल्या, "छान वाटलं. पण ती लाट आली आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही, तेव्हापासून झोप लागली नाही नीट."

स्वल्पविरामांनीही पाय पुढे पसरले. दोघं पाण्याकडे बघत राहिली.

"एक सांगू?" सासूबाई पुन्हा कुजबुजल्या. "आमच्याकडे आता मी कितीही बोलले तरी कुणाला ऐकू जात नाही. समुद्र बोलूच देत नाही. इथे मात्र हळू बोललेलंही ऐकू येतं. तुमच्या पाण्याचा हा गुण आहे हं." मग त्यांनी डोळे वटारले. "पण हे कुठे छापायचं नाही!"

तेवढ्यात फिरायला आलेले एक निवृत्त गृहस्थ छाती काढून समोर उभे राहिले. "बाई, जरा जपून बसा!" ते गरजले. "नवीन दिसता. इथला समुद्र भलता खवळतो!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या वीतभर पाण्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाईंनी लुगड्याचा काठ सावरला, पाय अलगद जवळ घेतले आणि मान लववून त्या गृहस्थांचे आभार मानले.